दुखवट्याला जावे कोणाच्या?

मनुष्य मेला म्हणजे पुढे काय करावयाचे, हे आपल्या समाजाने इतके बारकाईने ठरवून ठेवले आहे की, ज्याच्या घरी मृत्यू घडला त्याला निदान तेरा दिवस तरी स्वतःच्या बुद्धीने कसलाही निर्णय घेण्याचे कारण पडू नये. बांबू आणि मडके कोणी आणावयाचे, गावोगावच्या सोयऱ्यांना कोणी कळवावयाचे, खांदा कोणी द्यावयाचा, अस्थी कोठे न्यावयाच्या, दहाव्याला नदीवर कोणी जावयाचे आणि सुतक फिटल्यावर कर्त्या पुरुषाच्या डोक्यावर टोपी कोणी घालावयाची, याची वाटणी आधीच झालेली असते. त्या घरची चूल पेटत नाही. शेजारच्या घरांतून पिठले आणि भाकरी येते, आणि 'नको' म्हणणाऱ्याला चार वडीलधारी माणसे बळेच दोन घास भरवतात. या सगळ्या उपचारांना कोणी रूढी म्हणावे, कोणी अवडंबर म्हणावे. पण ज्याचे डोके चालेनासे झाले आहे त्याच्या वतीने काही काळ इतरांनी विचार करावा, अशी ही एक व्यवस्था आहे, आणि ती ज्यांनी बसवली त्यांना मनुष्यस्वभावाची जाण बरीच असली पाहिजे, एवढे मान्य करावयास हरकत नसावी.

या व्यवस्थेतील ज्या भागाला आपण सर्वांत अधिक कंटाळतो तोच बहुधा सर्वांत उपकारक असतो. दुखवट्याला येणारा प्रत्येक मनुष्य ओसरीवर टेकतो, क्षणभर गप्प बसतो आणि मग हलक्या आवाजात विचारतो, "कसं झालं हो?" माझे वडील गेले तेव्हा सोलापूरच्या आमच्या जुन्या वाड्यात हा प्रश्न माझ्या आईला दिवसातून इतक्यांदा विचारला जाई की, मला त्या माणसांचा राग येऊ लागला होता. पण आई प्रत्येकाला सांगे. पहिल्या दिवशी ती मधेच थांबे, मागचे पुढे आणि पुढचे मागे सांगे. दहाव्यापर्यंत त्या हकिगतीला आरंभ, मध्य आणि शेवट आला होता, औषधाची वेळ आणि डॉक्टरांचे शब्द आपापल्या जागी बसले होते, आणि जी गोष्ट सांगता येते ती सोसताही येते असे काहीसे तिच्या चेहऱ्यावर दिसू लागले होते.

मात्र या साऱ्या व्यवस्थेच्या पायाशी एक गृहीत आहे, आणि ते इतके खोल पुरलेले आहे की सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ते असे की, मरण एका वेळी एकाच घरी येते. एका घरी चूल विझली तर शेजारी दहा पेटलेल्या असतील. एक जण रडत असेल तर त्याला धरणारे चौघे कोरड्या डोळ्यांचे असतील. अगदी मोठ्या दुर्घटनेतही हे गृहीत बहुधा टिकून राहते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. पण मृतांची घरे गिरगावापासून अलिबाग-रोह्यापर्यंत विखुरलेली होती, आणि ज्या त्या गावी सांत्वनाला जाणारे उरले होते. जी प्रेते हाती लागत नाहीत त्यांच्याकरिता पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी देण्याचा विधीही आपल्या शास्त्रात आहे. म्हणजे देह नसला तरी चालेल, अशी तरतूद शास्त्राने केली. शेजारी नसला तर काय, याचा विचार त्यालाही सुचला नाही.

तो प्रसंग ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने आणला. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी होती. लातूर जिल्ह्यातील औसा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा या दोन तालुक्यांतील गावे गणपती बोळवून उशिरा निजली होती. त्यांतील किल्लारी गावाला वर्षभरापूर्वी लहानमोठे धक्के बसून गेले होते, लोक काही दिवस घाबरून बाहेर निजलेही होते. परंतु दख्खनचे पठार म्हणजे स्थिर भूमी, असा शास्त्रज्ञांचाही समज असल्याने हा टापू देशाच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. धक्क्याचे मान पाहिले तर सहा रिश्टरहून थोडे अधिक. जपानात एवढ्याने कदाचित भिंतीवरच्या तसबिरी पडल्या असत्या. येथे जवळजवळ आठ हजार माणसे गेली. ती भूकंपाने गेली असे म्हणण्यापेक्षा घरांनी मारली असे म्हणणे अधिक खरे. दगड आणि माती यांच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचे थरावर थर दिलेले माळवद, आणि चोराचिलटांच्या भयाने ठेवलेल्या चिमुकल्या खिडक्या, ही त्या प्रदेशातील बांधणीची रीत. उन्हाळ्यात थंड राहणारे ते घर म्हणजे खाऊनपिऊन सुखी असल्याची निशाणी. भिंत जितकी जाड तितका मालक मातबर. त्या रात्री मातबरांच्या भिंती अधिक दगड घेऊन कोसळल्या, आणि झोपडीत निजलेले कित्येक भूमिहीन वाचले. दैवाने केलेली ही उलटापालट त्या भागातील म्हातारी माणसे अजूनही काहीशा अचंब्याने सांगतात.

माझ्या चुलत बहिणीचे सासर त्याच टापूतले, तेरणा नदीच्या काठचे. ती आणि तिचे यजमान नोकरीमुळे सोलापुरास असल्याने वाचली; गावी तिचा धाकटा दीर, जाऊ, जावेची तीन मुले आणि सासू एवढी माणसे होती. सासू ओसरीवर निजली होती, म्हणून वाचली. दीर रात्री मळ्यात पाण्याच्या पाळीवर होता, म्हणून वाचला. जाऊ आणि दोन मोठी मुले आत होती. सर्वांत धाकटा मुलगा आजीजवळ निजायचा हट्ट करी, त्या रात्रीही त्याने तो केला होता. हे सारे 'म्हणून' मी येथे लिहितो, कारण त्या घरात पुढे कित्येक महिने हा एकच शब्द घोटला जात होता. जी माणसे वाचली ती आपल्या वाचण्याचे कारण शोधीत राहतात, आणि ते कारण इतके क्षुल्लक निघते की त्याचीच त्यांना शरम वाटू लागते.

पण प्रश्न दुखवट्याचा होता. त्या गावात दुखवट्याला जावे कोणाच्या? जो उठून जाईल त्याच्याही घरी मयत. जिच्या घरून भाकरी यावयाची तिच्या चुलीवर माळवद पडलेले. पाऊस सुरू झाला होता, सरपण ओले, आणि सामुदायिक चितेपुढे कोणाची जाळण्याची चाल, कोणाची पुरण्याची, हे विचारण्यास कोणाला सवड नव्हती. दहावा कोणी कोणाचा करावा? त्या दिवशी पौर्णिमा लागत होती, आणि ती सरताच पितृपंधरवडा सुरू व्हावयाचा होता. पितरांना पान वाढणारी कित्येक घरे त्याच्या तोंडावरच समूळ नाहीशी झाली होती. भाकरी आली ती लातुराहून, सोलापुराहून, आणखी दुरून, मालमोटारी भरभरून आली; फडक्यात बांधून कोणी घरोघरच्या बायकांनी थापलेली ती भाकरी पाहून माझ्या बहिणीची सासू म्हणाली होती म्हणे, "भाकर लई आली बाई, पर खा म्हननारं कुनी न्हाई." अन्नाचा तुटवडा नव्हता; बळेच घास भरवणाऱ्या हातांचा होता.

'कसे झाले' हा प्रश्नही विचारला जात होता, पण तो विचारणारे पत्रकार होते, पुढारी होते, स्वयंसेवक होते. ती माणसे चांगल्या बुद्धीने आली होती, याबद्दल माझ्या मनात संशय नाही. परंतु ज्याला तुमची मेलेली सून माहीत नाही, तिच्या हातचे कधी खाल्लेले नाही, त्याला सांगितलेली हकिगत ही जबानी होते, शोक होत नाही. आणि ज्यांना ती माहीत होती, ते समोरच बसलेले, आपापल्या ढिगाऱ्याकडे तोंड करून.

तेव्हा या कुटुंबांनी निभावून कसे नेले? या प्रश्नाला मोठमोठी उत्तरे देण्याची आपल्याकडे हौस फार. मराठवाड्याच्या मातीची चिवट वृत्ती, श्रद्धेचे बळ, वगैरे. मला जे प्रत्यक्ष दिसले ते याहून पुष्कळ रुक्ष होते. पहिले काही महिने त्यांना सरकारी कागदाने सावरले. पंचनामा, मृत्यूचा दाखला, वारसाची नोंद, शिधापत्रिकेवरील नावे, सानुग्रह अनुदानाची यादी, सातबाऱ्यावरील फेरफार, पत्र्याच्या निवाऱ्याचे वाटप: एका रांगेतून दुसऱ्या रांगेत माणूस उभा होता. बहिणीचा दीर रडला नव्हता, बोललाही फारसा नव्हता, पण कचेरीत तलाठ्याने यादी वाचून प्रत्येक नावापुढे "मयताशी नाते?" असे विचारताच त्याला उत्तर द्यावे लागे. पत्नी. मुलगी. मुलगा. ओसरीवर बसून विचारावयाचा प्रश्न दफ्तरात विचारला गेला, कोरड्या शब्दांत आणि तिऱ्हाइताकडून, तरी विचारला गेला. सरकारी कारकुनाच्या हातून सांत्वनाचे कार्य घडते असे मी म्हटले तर वाचक हसतील, आणि त्या कारकुनालाही ते पटणार नाही. तथापि त्या वर्षी त्या टापूत तेवढाच एक मनुष्य असा होता की, जो प्रत्येक मृताचे नाव एकेक करून मोठ्याने घेत होता.

दुसरी गोष्ट अशी की, त्या कुटुंबांनी रिकाम्या झालेल्या जागा फार लवकर भरल्या, आणि त्यावरून शहरांतील मंडळींनी त्यांना पुष्कळ नावे ठेवली. बायको जाऊन वर्ष झाले नाही तोच बोहल्यावर चढले, अशी कुजबुज मीही ऐकली आहे. शेतकऱ्याच्या घरात बायको म्हणजे केवळ प्रीतीचे पात्र नव्हे. जनावरांची वैरण, ज्वारीची काढणी, म्हातारीची पथ्ये आणि पोरांचे अंगावरचे कपडे इतकी खाती तिच्याकडे असतात, आणि ती खाती शोक संपेपर्यंत बंद ठेवता येत नाहीत. दीड-दोन वर्षांच्या आत दिराचे दुसरे लग्न झाले. नवी सून जवळच्याच गावची, स्वतः त्याच रात्री विधवा झालेली, पदरी पाच वर्षांची मुलगी. हे लग्न जुळवले ते सासूने. मुहूर्त पाहिला, पण वाजंत्री लावली नाही.

आपल्याकडे दुसरेपणाची बायको आली की तिच्या गळ्यात मागच्या बायकोचा टाक घालण्याची चाल पुष्कळ घरांत होती. मेलेल्या सवतीने छळू नये म्हणून हा बंदोबस्त, असे त्याचे कारण सांगतात. कारण कसेही असो, त्या चालीत मला एक प्रकारचा प्रांजळपणा वाटतो. आधी कोणी होती हे लपवीत नाहीत, उलट नवी आलेली तिला मिरवीत फिरते. या सुनेने टाक घातला, आणि स्वतःच्या मेलेल्या नवऱ्याचा मात्र तिला कोठे काही बाळगता आला नाही, कारण तशी चाल नाही. पुरुषाची पहिली बायको दुसरीच्या गळ्यात राहू शकते. बाईचा पहिला नवरा फक्त तिच्या मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर उरतो. विधुरांची लग्ने भराभर झाली आणि विधवांची तशी झाली नाहीत, हे त्या भागात वावरलेल्या कोणीही पाहिलेले आहे. ज्यांची झाली त्यांतील काहींच्या बाबतीत अनुदानाची रक्कम घरातच राहावी हा हिशेब होता, आणि धाकट्या दिराशी गाठ मारून देताना त्या बाईला विचारले किती, हे कोणी नोंदवून ठेवलेले नाही.

याहून अवघड वाटा काहींनी धरल्या. दोन-तीन मुलांवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या आणि त्या रात्री सगळी मुले गमावलेल्या स्त्रिया होत्या. त्यांतील काहींनी बांधलेल्या नलिका पुन्हा जोडून घेण्याची शस्त्रक्रिया करवून घेतली. हे वाचताना ज्याला आशेचे किरण वगैरे आठवतील त्याने हेही आठवावे की, त्या शस्त्रक्रियेचे यश अनिश्चित असते, आणि ते अपयश त्या बाईला दुसऱ्यांदा भोगावे लागते.

मुलांचा प्रश्न निराळा होता. 'भारतीय जैन संघटने'चे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १२०० मुले शिक्षणाकरिता पुण्यास नेली. समाजवादी कार्यकर्ते पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभे राहिले. घरातून मूल उचलून वसतिगृहात ठेवणे म्हणजे कुटुंब आणखी मोडणे, असा आक्षेप तेव्हाही काहींनी घेतला होता, आणि तो सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही. पण मामाच्या घरी वाढलेल्या पोरक्या मुलाला आपण पोरके असल्याचे उठता-बसता कळत राहते. जेथे ओळीने बसलेल्या साऱ्याच मुलांचे घर पडलेले आहे तेथे ते कोणी कोणाला सांगत नाही. गावातील वडीलधाऱ्यांना जे साधले नाही, म्हणजे एकाच दुःखाच्या माणसांनी एकमेकांचा शेजार होणे, ते या पोरांना थोडेफार साधले असावे असे मला वाटते. आमच्या घरातला धाकटा मात्र आजीने कोठेही पाठवला नाही. तिच्याजवळ निजण्याचा हट्ट केल्याने तो वाचला होता. त्याला दुसरीकडे निजू द्यावयास ती तयार नव्हती.

पुढे नवी गावे वसली. जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या पुनर्वसनात ५२ गावे मुळापासून दुसऱ्या जागी उठवली गेली, आणि जमिनीच्या मानाने घरे ठरली: भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या खातेदाराला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरला ४५०, त्यावर ७५०. न्यायाच्या दृष्टीने यात काय खोट काढावयाची ती काढता येईल; मला बोलावयाचे आहे ते आखणीबद्दल. जुन्या गावात गल्ली म्हणजे भावकी होती. एका घरी भांडण झाले तर चार घरांना ऐकू जाई आणि दोन जण सोडवावयास येत. नव्या गावात रस्ते रुंद, घरे सुटी-सुटी, आणि कित्येक ठिकाणी सारख्या मापाची घरे एका बाजूला लागल्याने सख्खे भाऊ दोन टोकांना गेले. हवा खेळती राहिली. रडणे मात्र शेजारी ऐकू जाईनासे झाले. दारूची दुकाने चालली ती याच काळात. अनुदानाच्या पैशाला पाय फुटले, असे बायका म्हणत. आणि ज्या पुरुषांना कोणी 'कसे झाले' असे विचारले नव्हते ते गुत्त्यावर बसून एकमेकांना न विचारताच सांगत. दगडाची भीती तर कित्येक वर्षे गेली नाही. पक्के घर असताना पुढे पत्र्याचे छप्पर काढून त्याखाली निजणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. बहिणीची सासू शेवटपर्यंत अंगणातच निजली, पावसाळ्यात सुद्धा, बाजेवर मेणकापड पांघरून.

सगळा शोक असा नंतर आला, कागद पुरे झाल्यावर, लग्न उरकल्यावर, घराची किल्ली मिळाल्यावर. दीर पहिल्यांदा मोकळेपणी रडला तो नव्या घराच्या वास्तुशांतीच्या दिवशी, आणि तेही भटजींनी दक्षिणेवरून घातलेल्या एका क्षुल्लक वादाच्या निमित्ताने. जमलेल्या माणसांना वाटले, पैशावरून मनुष्य इतका कसा विरघळला. सासूला मात्र काय ते कळले. तिने त्याला आत नेले आणि दार लावून घेतले. श्राद्ध तिथीवर करावयाचे, हा आपला रिवाज. परंतु त्या टापूने तिथी सोडून ३० सप्टेंबर ही इंग्रजी तारीखच धरली, आणि दरसाल त्या दिवशी किल्लारीच्या स्मारकस्तंभापाशी शासकीय मानवंदना होते. तिथी ज्या त्या घराची असते, तारीख सर्वांची. बहुधा दुखवट्याला कोणाच्या जावे, याचे त्या लोकांनी आपल्यापुरते काढलेले हे उत्तर असावे: वर्षातून एक दिवस सर्वांनी सर्वांच्या घरी, आणि घर नाही म्हणून खांबापाशी.

आजीपाशी वाढलेल्या त्या मुलाचे लग्न ठरले तेव्हा म्हातारी हयात नव्हती. पत्रिकेचा मजकूर तयार करावयास आम्ही दोघे-तिघे बसलो असता, मंगल कार्याच्या पत्रिकेत मुलाच्या मेलेल्या आईचे नाव नको, असे चुलत्यांचे म्हणणे पडले. दुसरेपणावर आलेल्या आईने ते ऐकून घेतले नाही. "नाव पयलं त्यांचं, मग माजं," असे म्हणून ती भाकरी थापावयास निघून गेली. मग तिच्या मुलीच्या लग्नात मुलीच्या बापाचे नाव 'कैलासवासी' लावून छापले होते की नाही, याचा शोध निघाला. छापले होते, पण कन्यादान सावत्र बापाने केले म्हणून त्याचेही घातले होते. आजी-आजोबा धरून कैलासवासी मंडळींची संख्या बरीच झाली, आणि पत्रिकेवर जागा पुरेना. उमरग्याच्या छापखानेवाल्याने व्यवहारी मनुष्याप्रमाणे सर्वांत खालची, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' ही लहान मुलांच्या नावांची ओळ काढून टाकली. आणि त्यावरून त्या सावत्र बहिणीच्या दोन मुलांनी मामाशी हळद लागेपर्यंत अबोला धरला होता.